केवळाबाई पॅरिसला गेली नाही

माझ्या थोरल्या चुलत्याची बायको केवळाबाई. तिला आम्ही सगळे भाऊबंद मोठी माय म्हणतो. तिला कुणाला चांगलं म्हणणं जमत नाही. गावात कुणी नवं घर बांधलं, तर वास्तुशांतीचं जेवून हात धुता धुता ती म्हणते, "खोल्या लई काढल्यात, बसायला माणूस न्हाई." कीर्तनकार येऊन गेला की, "आवाज हाय, आत काय न्हाई." एखादी गोष्ट अगदीच मनातून उतरली तर तिचा एकच शब्द असतो, फुसकं. आमदार फुसका, सोयाबीनचं नवं बियाणं फुसकं, माझ्या दुकानाची पाटी फुसकी. माझं मुखेडच्या बसस्टँडसमोर झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. त्या पाटीवर माझा फोटो आहे, हे तिला पटलेलं नाही.

चुलते वारले त्याला पंधरा वर्षं झाली. तेव्हापासून सात एकर रान ती एकटी करते. मुखेडपासून बारा किलोमीटरवर आमचं गाव, काळी जमीन, पाणी बेताचं. दावणीला दोन लाल कंधारी गायी. या गायी दिसायला लहान, दुधाला कमी, पण उन्हाला आणि उपासाला बधत नाहीत. मोठी मायही तशीच आहे, म्हणून तिचं त्यांच्याशी जमतं.

तिचा एकुलता एक मुलगा दयानंद. त्याच्याबद्दल मी नीट बोलणार नाही, हे आधीच सांगतो. लातूरला बारावी, पुण्याला इंजिनिअरिंग, आणि आता पाच वर्षं नेदरलँड्समध्ये, आइंडहोवन नावाच्या शहरात नोकरी. तिकडं गेल्यापासून त्याला इकडच्या प्रत्येक गोष्टीवर उपाय सुचतो. आमच्या गावचा रस्ता, आमच्या बायकांच्या अंगातलं कमी रक्त, आमचं खत, सगळ्यावर. रविवारी फोन करायचा, आणि अर्धा तास आम्हाला आम्हीच कसे मागे राहिलो ते समजावून सांगायचं. पाहुणा म्हणून आला तर बाटलीतलं पाणी पितो, आणि ती बाटली सगळ्यांना दिसेल अशी धरतो.

याच दयानंदनं तीन वर्षांमागं आईला एक गाय पाठवली. एचएफ, म्हणजे होल्स्टीन फ्रीजियन या परदेशी जातीची. काळी-पांढरी, हत्तीएवढी, धार काढता काढता हात भरून यावा अशी. ती काही विमानातून आलेली नव्हती, इकडंच संकर केलेली होती. पण दयानंदनं फोनवर जे सांगितलं त्यावरून गावाला वाटलं, गाय थेट त्याच्या कंपनीतूनच सुटली. "माय, इकडं ही गाय तीस लिटर देते. तुझ्या त्या दोन कंधाऱ्या विकून टाक."

मोठी मायनं कंधाऱ्या विकल्या नाहीत. नवी गाय मात्र बांधून घेतली, कारण लेकानं पाठवलेली. पावसाळा आणि हिवाळा बरा गेला. फेब्रुवारीपासून ती गाय धापा टाकायला लागली. तिच्यासाठी गोठ्यात पंखा लावला, पोती भिजवून टांगली. मोठी माय दुपारी तिला पिंपळाखाली घेऊन बसायची आणि तिच्या अंगावर तांब्यानं पाणी सोडायची. मे महिन्यात त्रेचाळीसच्या वर ऊन गेलं. एका दुपारी वीज गेली ती तीन तास आली नाही. गाय जीभ बाहेर टाकून बसली, ती उठलीच नाही. मी तिथं होतो. मोठी माय तिच्या तोंडाशी बसून पदरानं वारा घालत होती. पदरानं एवढ्या मोठ्या जनावराला कसला वारा लागणार?

संध्याकाळी दयानंदला फोन लावला. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "माय, तू नीट बघितलं न्हाईस."

एवढंच. मोठी मायनं फोन माझ्या हातात दिला आणि आत जाऊन भाकरी करायला लागली. दोन महिने ती त्याच्याशी बोलली नाही. पुढं बोलायला लागली, पण जेवढ्यास तेवढं.

मग मागच्या दिवाळीत परदेशवारीचा विषय निघाला. तोही आईवरच्या मायेनं निघाला असं कुणी समजू नये. दयानंदची बायको ऋतुजा लातूरची. तिचे आईवडील आदल्या उन्हाळ्यात युरोप करून आले होते. त्यावरून नातेवाइकांत बोललं गेलं की सासू-सासऱ्यांना नेलं, आईला नाही. ते दयानंदच्या कानावर गेलं. लगेच त्याला आई आठवली.

ऋतुजाचे वडील शिवशंकरराव. लातुरात तीस वर्षं शिकवणी चालवून ती विकून ते निवृत्त झाले. आयुष्यभर पोरांकडून उत्तरं पाठ करून घेतल्यामुळं प्रश्न विचारणारं माणूस त्यांना खपत नाही. युरोपातून आल्यापासून ते सकाळी फिरायला स्वित्झर्लंडचा झेंडा असलेली टोपी घालून जातात, आणि ती टोपी कुठली असं कुणी विचारलं नाही तर घरी येऊन चहा गार करतात. त्यांनीच भाऊबीजेनंतर आम्हाला लातूरला बोलावलं. "मुलांना व्हिडिओवर घेऊ, बसून शहरं ठरवू. अनुभवी माणूस सोबत असलेला बरा," असं त्यांनी फोनवर सांगितलं. अनुभवी माणूस म्हणजे ते स्वतः.

मी मोटरसायकलनं मोठी मायला मुखेडच्या स्टँडवर आणलं, तिथून एसटीनं आम्ही लातूरला गेलो. शिवशंकररावांच्या दिवाणखान्यात काचेचं कपाट होतं. त्यात लोखंडी मनोरा, लाकडी बूट, छोटी पवनचक्की, आणि एक चकचकीत घंटा. मोठी मायनं घंटा हातात घेतली.

"ही कुण्या गायीच्या गळ्यातली, इवाईसायब?"

"गायीच्या नाही हो विहीणबाई, दुकानातली. स्विस आहे."

"मंग वाजवायची कुणी?" असं म्हणून तिनं ती परत ठेवली.

टीव्हीवर दयानंद आणि ऋतुजा दिसायला लागले. शिवशंकररावांनी छापील कागद काढला. अकरा दिवसांत नऊ शहरं, प्रत्येकापुढं बरोबरची खूण. त्यांनी वाचायला सुरुवात केली, जणू हजेरी घेत होते. "पॅरिस. ब्रसेल्स. ॲमस्टरडॅम. कोलोन. झुरिक..."

"थांबा," मोठी माय म्हणाली. "त्या पॅरिसात काय पिकतं?"

"पिकतं? अहो, ते शहर आहे."

"शहरात बाजार आसंल की. काय यायलंय बाजारात?"

"आम्ही बाजारात गेलो नाही. बस सरळ टॉवरपाशी गेली."

"तिथली माणसं काय करत व्हती?"

"कोणती माणसं?"

मोठी मायनं माझ्याकडं पाहिलं. मी चिवडा खात होतो, तो तोंडातच राहिला. शिवशंकररावांना खरोखरच कळलं नव्हतं की पॅरिसात माणसंही असतात. त्यांनी नऊ शहरांतून चाळीस मराठी माणसं पाहिली होती, आणि तीही बसमध्ये पाठमोरी.

दयानंद घाईनं मध्ये पडला. "माय, माझ्याकडं आठ दिवस सुट्टी हाय. चार शहरं होतील. पॅरिसचा टॉवर तर बघावाच लागतो."

"टावर आपल्या बांधावर हाय. मोबाईलचा. त्यापायी पिकाच्या दोन ओळी वाया गेल्या."

"बरं, व्हेनिस बघ. अख्खं शहर पाण्यात हाय."

मोठी मायचं माहेर धरणाखाली गेलं आहे. शाळा, देऊळ, तिच्या बापाचा आंब्याचा बाग, सगळं पाण्यात. हे दयानंदला माहीत होतं, निदान माहीत असायला हवं होतं. ती एवढंच म्हणाली, "माझं माहेर पाण्यात गेलं तवा बघायला कोणी आलं न्हाई. मी कामून जाऊ कुणाचं बघायला?"

मग शिवशंकरराव हसले. आपल्याला विनोद कळला असं दाखवायचं असलं की ते असेच हसतात. "मग विहीणबाई, तुम्हीच सांगा. तुम्हाला कुठं जायचंय? युरोप समोर पसरलाय."

"ती गाय कुठली हाय?"

"कोणती गाय?" दयानंदनं विचारलं.

"तू पाठवलीस ती. तिची आजी-पणजी ज्या गावची, ते गाव मला बघायचंय. तिकडं ती कशी जगती ते बघायचंय. तेवढं एक दाव, मंग तुला कुठं न्यायचं तिकडं ने."

दयानंदचा चेहरा टीव्हीवर एवढा मोठा होता की कान लाल झालेले इकडून दिसले. मी फोनवर शोधलं. गाय फ्रीसलँड नावाच्या भागातली निघाली, नेदरलँड्सच्याच उत्तरेला, आणि तिथलं मोठं शहर लेवार्डन. आइंडहोवनपासून रेल्वेनं तीन तास. मी मोठ्यानं वाचून दाखवलं.

"लेवार्डन?" शिवशंकरराव म्हणाले. "नावसुद्धा ऐकलं नाही. अहो, लोक हसतील. युरोपला जाऊन गोठा बघून आली म्हणतील."

"हसू द्या. गाय मेली तवा कोणी रडलं न्हाई, तर हसायला कोण येतंय ते बघू."

टीव्हीवर ऋतुजा पुढं झुकली होती. ती आपल्या वडिलांकडं पाहत होती. दयानंद म्हणाला, "बरं माय, घेऊ ते पण." त्याचा होकार किती पोकळ आहे ते मला तिथंच कळलं, आणि मी चिवड्याची बशी पुढं ओढली.

पुढं व्हिसाचा अर्ज माझ्या दुकानात भरायचा ठरला. कुठल्या दिवशी कुठल्या शहरात मुक्काम, हे त्यात लिहावं लागतं. दयानंदनं मला मेलवर तक्ता पाठवला. आइंडहोवन, ब्रसेल्स, पॅरिस, पॅरिस, पॅरिस, ॲमस्टरडॅम. लेवार्डन नव्हतं. मी फोन केला.

"अरे, तिथं काय बघायचंय? दिवस वाया जाईल. तू तिला वाचून दाखवताना एक नाव जास्त वाच. तिला काय कळतंय इंग्रजीतलं?"

"दयानंद, हे बरोबर न्हाई."

"रामकिशन, तू फॉर्म भर. सल्ला मी विचारला न्हाई."

मला त्याच वेळी फोन आपटता आला असता. पण गेल्या वर्षी त्यानं मला जुना लॅपटॉप दिला होता, आणि तो माझ्यासमोर टेबलावरच होता. मोठी माय सही करायला आली तेव्हा मी सगळी शहरं वाचली, आणि पॅरिसच्या दोन दिवसांच्या मधे नुसतं तोंडी लेवार्डन घातलं. ती म्हणाली, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. तिनं सही केली. तिची सही मोठी आहे, रकान्याच्या बाहेर जाते. दयानंदबद्दल मी एवढं तोंड सोडलं, पण त्या अर्जामागं दोन फुसकी माणसं होती, एक फोनवर आणि एक दुकानातल्या खुर्चीवर.

एप्रिलच्या शेवटी, तूर-हरभरा घरात आल्यावर, ती निघाली. गायी माझ्याकडं ठेवल्या. हैदराबादहून विमान. दयानंदनं तिच्यासाठी चाकाची खुर्ची सांगून ठेवली होती, कारण सगळ्यांच्या आया तशाच जातात. मोठी मायनं त्या खुर्चीवर आपलं गाठोडं ठेवलं आणि ढकलणाऱ्या माणसाच्या बरोबरीनं चालत गेली. "मला पाय हायेत," एवढंच तिनं त्याला सांगितलं. नऊवारी लुगडं, वर दयानंदचं जुनं जाकीट, पायात कापडी बूट. मी काचेतून बघत होतो. ती एकदाही मागं वळली नाही.

इथून पुढचं मला ऋतुजानं सांगितलं. मोठी मायनं फार थोडं.

पहिले दोन दिवस आइंडहोवनला गेले. दयानंदनं आईला आपलं ऑफिस बाहेरून दाखवलं, आपली सायकल दाखवली, नळाचं पाणी पिता येतं हे तीनदा दाखवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिघं बॅगा घेऊन स्टेशनवर गेले. ब्रसेल्स आणि पुढं पॅरिस. फलाटावर मोठी मायनं विचारलं, "गायीचं गाव कितव्या दिवशी?"

"बघू माय. टाइम उरला तर."

"कागदात हाय."

"कागदात न्हाई," दयानंद म्हणाला. खोटं लपवायचीही त्याला गरज वाटली नाही, एवढा तो निश्चिंत होता. "अगं, तिथं काहीच न्हाई. एक गाव, चार गायी. लोक पॅरिससाठी मरतात आणि तू..."

मोठी माय बाकावर बसली. गाठोडं मांडीवर घेतलं. "तुमी जा. मी हितंच बसते. संध्याकाळी यायलाव ना? न्हाई? बरं, शनवारी या."

गाडी यायला दहा मिनिटं होती. दयानंदनं आधी समजावलं, मग आवाज चढवला, मग लोक बघायलेत म्हणून आवाज उतरवला. तिकिटं काढलीत, हॉटेल घेतलंय, टॉवरवर जायची वेळ ठरलीय, ती चुकली की गेली. मोठी माय समोरच्या रुळांकडं बघत राहिली. ऋतुजा म्हणते, तिनं एकदाही वर पाहिलं नाही, रागही दाखवला नाही. एसटी चुकल्यावर बायका बसतात तशी बसली होती.

गाडी आली. आणि तेव्हा ऋतुजा म्हणाली, "मी आईंना घेऊन जाते. तू जा."

"कुठं?"

"लेवार्डनला. मागच्या वर्षी मी पप्पांच्या मागं नऊ शहरं पळाले. मला एकातलं काही आठवत नाही. बसमधली गाणी आठवतात."

आता कुणाही माणसानं इथं काय केलं असतं? बॅग उचलली असती आणि बायको-आईबरोबर गेला असता. दयानंद गाडीत चढला. टॉवरची वेळ ठरलेली होती ना. दार बंद होताना तो आतून बोटांनी 'फोन कर' अशी खूण करत होता, आणि गाडी निघाली.

दोघी दुसऱ्या फलाटावर गेल्या, उत्तरेची गाडी धरली. तीन तास सपाट हिरवा मुलूख. मोठी माय खिडकीला नाक लावून होती. ऋतुजाला वाटलं, ती खूश आहे. ती म्हणाली, "ह्येंला डोंगर न्हाई, दगड न्हाई, आणि पाणी उशाला. ह्येंनी काय केलं मंग? जमिनीनंच सगळं केलंय." दुसऱ्या खंडाबद्दलचं तिचं हे पहिलं मत.

लेवार्डनच्या स्टेशनजवळ एका चौकात गायीचा पुतळा आहे. काशाची गाय, विटांच्या ओट्यावर उभी. ऋतुजानं फोनवर वाचून सांगितलं की तिकडच्या भाषेत तिचं नाव 'आमची माय' असं आहे. मोठी मायनं पुतळ्याला पूर्ण प्रदक्षिणा घातली. पाया पडायला नव्हे. बाजारात जनावर पारखतात तशी ती बघत होती, आधी पाठ, मग पाय, मग वाकून कास.

"करणारानं गाय बघितलेली हाय," ती म्हणाली. तिच्या तोंडून मी ऐकलेली ही सगळ्यात मोठी स्तुती आहे, आणि तीही मला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावी लागली.

दुसऱ्या दिवशी दोघी शहराबाहेर बसनं गेल्या. एका वळणावर उतरल्या आणि कुंपणाच्या कडेनं चालत राहिल्या. गवत पोटरीएवढं, वारा असा की लुगडं सांभाळणं अवघड. कुंपणापलीकडं पन्नासेक गायी होत्या. काळ्या-पांढऱ्या. कुणी धापा टाकत नव्हतं, कुणाला पंखा नव्हता. त्या गवतात बसल्या होत्या आणि वाऱ्याकडं तोंड करून रवंथ करत होत्या. मोठी माय तारेला धरून उभी राहिली. किती वेळ, ते ऋतुजानं मोजलं नाही.

शेवटी रबरी बूट घातलेली एक बाई गोठ्यातून बाहेर आली. साठीची असेल, हातात बादली. लुगड्यातली बाई आपल्या कुंपणाला धरून उभी आहे हे पाहून ती थबकली, मग जवळ आली. ऋतुजानं इंग्रजीत सांगितलं, या माझ्या सासूबाई, शेतकरी आहेत, भारतातून गायी बघायला आल्या आहेत. बाई हसली आणि तारेवरून हात पुढं केला. मोठी मायनं तो हात धरून आधी उलटा करून पाहिला. घट्टे होते. मग ती बोलायला लागली.

"विचार तिला, हितं ऊन किती पडतंय?"

बाई म्हणाली, उन्हाळ्यात बावीस-पंचवीस. एका वर्षी पस्तिसाच्या वर गेलं होतं. तेव्हा गायींनी खाणं सोडलं, दूध आटलं. आम्ही दिवसभर पाणी फवारलं. फार भीती वाटली होती.

ऋतुजानं सांगितल्यावर मोठी माय म्हणाली, "पस्तीस आमच्याकडं होळीला असतंय. सांग तिला, माझ्याकडं हिच्यातली एक व्हती. त्रेचाळीस व्हतं. मेली."

ऋतुजानं ते सांगितलं. त्या बाईनं बादली खाली ठेवली. तोंडावर हात नेला आणि काहीतरी बोलली. ऋतुजा पायाखालच्या गवताकडं बघायला लागली.

"काय म्हणाली?"

"काही नाही आई. वाईट वाटलं म्हणाली."

"ते झालं. दुसरं काय म्हणाली?"

ऋतुजाला सांगावंच लागलं. "म्हणाली, एवढ्या उन्हात ही गाय कुणी पाठवली? कोण असं करतं?"

मोठी माय गायींकडं बघत म्हणाली, "सांग, माझ्या लेकानं. शिकलेला हाय."

ऋतुजानं ते इंग्रजीत सांगितलं की नाही, हे मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. पण ती म्हणाली, त्यानंतर आई तिथंच गवतावर बसल्या आणि रडल्या. जोरात नाही. ती शेतकरीण आत जाऊन तिघींसाठी कॉफी घेऊन आली, आणि मोठी मायनं ती घोटभर पिऊन "कडू हाय" म्हणून बाजूला ठेवली. मग ती उठली, लुगडं झटकलं आणि म्हणाली, "मी नीट बघितलं व्हतं. बघण्यात काय खोट नव्हती."

तीन दिवस त्या तिथंच राहिल्या. शुक्रवारी शहरात बाजार भरतो, तो त्यांनी सकाळपासून उठेपर्यंत पाहिला. मोठी मायनं प्रत्येक टोपल्यात हात घातला. बटाटे चांगले, कांदा फुसका, चीज म्हणजे नासलेला खवा. ऋतुजा मला फोनवर सांगत होती आणि हसत होती. लग्नाला सहा वर्षं झाली, पण सासूबरोबर आपण सलग इतकं कधी बोललो नव्हतो, असं ती म्हणाली.

तिकडं दयानंद पॅरिसात होता. दोन माणसांची तिकिटं खिशात फुकट घेऊन तो एकटा टॉवरवर चढला. फेसबुकला रोज फोटो. टॉवरसमोर दयानंद, नदीसमोर दयानंद, कॉफीसमोर दयानंद. खाली गावातल्या कुणीतरी विचारलं, "केवळाबाई कुठं हायेत?" त्यानं उत्तर लिहिलं, "माय हॉटेलात आराम करते आहे." मी ते वाचलं तेव्हा मोठी माय साडेपाचशे किलोमीटरवर कांदे हुंगत होती.

शनिवारी सगळे आइंडहोवनला जमले. दयानंद म्हणाला, "माय, तू पाहिजे व्हतीस पॅरिसला."

"फोटोत?" मोठी मायनं विचारलं.

ॲमस्टरडॅमला ती विमानापुरती गेली. मेच्या पहिल्या आठवड्यात परत आली, तेव्हा आमच्याकडं बेचाळीस होतं. विमानतळावरून येताना ती गाडीत झोपली आणि गावात उतरल्या उतरल्या गोठ्यात गेली. मी कंधाऱ्यांना नीट ठेवलं होतं. तिनं त्यांच्या बरगड्या मोजल्या आणि मला काही बोलली नाही, म्हणजे बरं होतं.

चार दिवसांनी ती माझ्या दुकानात आली. मी गिऱ्हाईक बाजूला करून तिला खुर्ची दिली आणि सगळं सांगून टाकलं. तो मेल, तो फोन, ते जास्तीचं वाचलेलं नाव. बोलताना माझी नजर लॅपटॉपवर होती.

"मला ठाऊक हाय," ती म्हणाली. "वाचताना तुझा आवाज पडला व्हता. म्हणून तर दुसऱ्यांदा वाचायला लावलं."

"मग सही कामून केलीस?"

"तिकडं गेल्याबिगर बसायचं कुठं? हितं अडून बसले असते तर तिकीटच रद्द केलं असतं त्यानं." तिनं पदरानं गळा पुसला. "तू लई मोठं पाप केलं असं समजू नगंस. तेवढी तुझी ताकद न्हाई."

यापेक्षा तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

जूनमध्ये शिवशंकररावांनी लातूरला जेवायला बोलावलं. पाच-सहा पाहुणे होते. त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "मग विहीणबाई, किती शहरं झाली?"

"एक."

"एकच?" ते पाहुण्यांकडं बघून हसले. "आमची नऊ झाली."

"तुमची बसची झाली," मोठी माय म्हणाली आणि वरण वाढून घेतलं. पाहुण्यांतला एक म्हातारा, उदगीरकडचा ईश्वरप्पा नावाचा, मोठ्यानं हसला. शिवशंकररावांनी विषय बदलून पावसाचा काढला. पाऊसही त्या दिवसांत नव्हताच, त्यामुळं त्यावरही फार बोलता आलं नाही.

दयानंद अजून रविवारी फोन करतो. गायीबद्दल त्यानं आजवर चूक कबूल केलेली नाही, आणि करेल असं मला वाटत नाही. अशी माणसं चूक मान्य करत नाहीत, ती पुढचा उपाय सुचवतात. मागच्या महिन्यात त्यानं शेळीपालनाचा सुचवला. मोठी मायनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ऋतुजाला दे." ऋतुजाशी ती पाऊण तास बोलते. काय बोलतात ते मला कळत नाही, कारण फोन घेऊन ती रानात जाते.